कुलूपवाल्याच्या घरातलं पिस्तूल

८ फेब्रुवारी

ताई,

माझं अक्षर ओळखून पाकीट न फोडताच ठेवून देशील अशी भीती होती, म्हणून वरचा पत्ता क्लबातून टाईप करून घेतला. आता फोडलंच आहेस तर वाच. फोन करणार होते. पण फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो, आणि या वेळी मला भांडण परवडणारं नाही.

माझा पिस्तुलाचा परवाना स्थगित झाला आहे. कागदावर कारण लिहिलंय, 'शस्त्राची असुरक्षित साठवण'. वाचून असं वाटावं की मी ते चपलांच्या स्टँडवर ठेवत होते. तसं काही नाही. झालं एवढंच की एके सकाळी बाबांनी माझ्या तिजोरीतून पिस्तूल काढलं, कापडी पिशवीत घातलं आणि खाली शिंपीणकाकूंच्या दुकानात नेऊन ठेवलं. ती जागा आपल्याच दुकानाची. बाबांनी धंदा बंद केल्यावर काकूंनी ती भाड्यानं घेतली, पण बाबांच्या लेखी तिथं अजून कुलपांचंच दुकान आहे. त्यांना वाटलं दुकान उघडायची वेळ झाली आणि कुणा गिऱ्हाइकाचं दुरुस्त झालेलं काम द्यायचं राहिलंय. काकूंनी घाबरून पोलिसांना फोन केला. त्यांना दोष देत नाही. त्या स्वतःच्या कात्रीलाही दबून असतात.

पिस्तूल रिकामं होतं. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही.

तिजोरीला कुलूप होतं, आणि किल्ली माझ्या गळ्यात होती. पण ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची कुलपं उघडून दिली, त्याच्यापुढे त्या पत्र्याच्या पेटीचा काय पाड? छत्रीची तार आणि माझ्या केसांची एक पिन. आज वार कोणता ते त्यांना सांगता येत नाही, जेवले की नाही ते आठवत नाही, पण बोटं काही विसरलेली नाहीत. तुला खरं सांगू? पोलीस तो पंचनामा लिहीत होते तेव्हा मला क्षणभर बाबांचा अभिमान वाटला. मग मी गळ्यातली किल्ली काढून ठेवली.

आता कामाचं. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. परवाना गेला तर नेमबाजी क्लबातली प्रशिक्षकाची नोकरी जाईल. नोकरी गेली की दिवसभर बाबांपाशी बसणारी बाई जाईल. ती गेली की त्यांना घरी ठेवता येणार नाही, आणि तू त्या दिवशी जे म्हणालीस, त्यांना संस्थेत ठेवायचं, ते आपोआप होईल. मला ते होऊ द्यायचं नाही. तू डॉक्टर आहेस. तुझ्या सहीला वजन आहे. एवढंच लिहून दे की बाबांचा विसर वयोमानाप्रमाणे आहे, सौम्य आहे, ते सहसा वस्तूंना हात लावत नाहीत आणि हा प्रकार एकदाच घडला.

त्या दिवशी मी तुला म्हणाले होते की उंटावरून शेळ्या हाकू नकोस, आणि तू भरलं ताट तसंच ठेवून निघून गेलीस. ते मी विसरलेले नाही. पण आधी हे पत्र दे. माफीचं आपण नंतर बघू.

तुझी,
ठिणगी

(बाबा अजून याच नावानं हाक मारतात. ओळखतात तेव्हा.)


२० फेब्रुवारी

ताई,

माझ्या एवढ्या लांबलचक पत्राला तुझं उत्तर एका ओळीचं. 'पिस्तूल खरंच रिकामं होतं का?' लहानपणी मी दूध सांडून मांजरावर ढकललं की तू असाच एक प्रश्न विचारून माझ्याकडे बघत बसायचीस. आईचा मार परवडायचा, तुझं बघणं नाही.

नव्हतं.

म्हणजे नळीत गोळी नव्हती, म्हणून मी रिकामं म्हणाले. पण मुठीत बसतं ते काडतुसांचं मॅगझिन आत होतं आणि ते भरलेलं होतं. पाच काडतुसं. आणि ते मी भरलं नव्हतं, बाबांनी भरलं होतं. घे, आता कळलं तुला.

दिवाळं कसं निघालं ते ऐक. तू गेल्यानंतर बाबांचं संध्याकाळचं फार वाईट व्हायला लागलं. ऊन उतरलं की घरातल्या प्रत्येक दाराची मूठ फिरवत सुटायचे, एक झाली की दुसरी, आणि मग रडायचे. कशासाठी ते त्यांना सांगता यायचं नाही. तुझ्या त्या गोळ्यांनी ते नुसते झोपायचे आणि उठल्यावर पुन्हा तेच. एकदा मी जेवणाच्या टेबलावर दुसऱ्या दिवशीच्या सरावाची मॅगझिनं भरत बसले होते. ते येऊन समोर बसले, थोडा वेळ बघितलं आणि माझ्या हातातून मॅगझिन काढून घेतलं. खाली स्प्रिंग, वर एकेक नळकांडी दाबून बसवायची. कुलपाच्या पोटात काय असतं? स्प्रिंग आणि पिना. त्यांचंच काम ते. पाच बसवल्या, टेबलावर आडवं ठेवलं आणि म्हणाले, "पुढचं आण."

कित्येक महिन्यांत ते पहिल्यांदाच एका जागी बसले होते. चेहरा असा, की दुकानात वर्दळ आहे आणि हात चालू आहे. मी काय करायला हवं होतं? काढून घ्यायला हवं होतं, मला माहीत आहे. मी दुसरं मॅगझिन पुढे सरकवलं.

मग रोजचंच झालं ते. मी समोर बसायचे. काडतुसं मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे. क्लबात नवीन मुलं आली की पहिला तास मी फक्त साठवणुकीवर घेते. पिस्तूल वेगळं, काडतुसं वेगळी, कुलपं वेगळी. माझा आवाज चढला की मुलं टरकतात. आणि घरी हे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्या सकाळी स्पर्धा होती. आदल्या दिवशी बाबांनी भरलेली मॅगझिनं मी पिस्तुलाच्याच पिशवीत टाकली, एक तर आतच बसवून ठेवलं, सकाळी घाई नको म्हणून. पिशवी तिजोरीत. मी अंघोळीला गेले, बाई अजून यायची होती.

काकू समोर टेप घेऊन उभ्या होत्या, ताई. एवढ्याशा अंतरावर. बाबांनी पिशवीतून पिस्तूल काढलं, हातात तोललं आणि अगदी धंद्याच्या आवाजात म्हणाले, "चाप जरा जड येतोय, बघतो." आणि ओढला. गोळी नळीत चढवणारी मागची स्लाइड ओढलेली नव्हती, म्हणून नुसता खट आवाज झाला. काकूंनी मला हे नंतर सांगितलं, जिन्यात, खाली बसून. त्या आवाजाच्या धास्तीनं मी आता अंघोळीला गेले की नळही बंद करून ऐकते.

पोलिसांकडून चौकशीला दोघं जण घरी आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, काडतुसांना माझ्याशिवाय कुणाचा हात लागत नाही. बाबा खुर्चीत होते. गिऱ्हाईक आलंय असं समजून ते कौतुकानं म्हणाले, "पाच बसतात. सहावी कोंबायची नाही, स्प्रिंग मरते." आणि मॅगझिन मागायला हात पुढे केला. त्यांच्यातल्या एकानं बाबांच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि लिहून घेतलं. झाकली मूठ होती ती बाबांनीच उघडली. उघडण्याचाच धंदा त्यांचा.

आता तुला सगळं माहीत आहे. तरी पत्र दे. आता तर जास्तच गरज आहे.

ठिणगी


१६ मार्च

ताई,

तुझं पत्र सुनावणीच्या आधी मिळालं. 'खोटं प्रमाणपत्र देणार नाही. त्यांना संस्थेत ठेव. त्यानं प्रेम कमी होत नाही.' असं वाक्य लिहायला लांब राहावं लागतं. जाऊ दे. मी रागावलेले नाही, रागवायलाही अंगात काही असावं लागतं.

परवाना रद्द झाला.

परवाना अधिकारी सर्दीनं बेजार झालेला मनुष्य होता. मध्ये मध्ये नाक पुसत होता आणि त्याबद्दल माफी मागत होता. दुष्ट असता तर बरं झालं असतं. मी माझी पदकं सांगितली, इतकी वर्षं एक तक्रार नाही हे सांगितलं, नळी रिकामी होती हे तर दोनदा सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, तुमचं नशीब बलवत्तर. पण आम्ही परवाना नशिबाला देत नाही."  मी माझ्या एखाद्या विद्यार्थ्याला हेच म्हणाले असते.

पिस्तूल पोलिसांच्याच ताब्यात आहे. क्लबाच्या सचिवांनी रेंजची किल्ली परत मागताना खाली बघितलं. मला आता दारातल्या टेबलावर बसवलंय, येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद करायला, तेही महिनाअखेरपर्यंत. आतून गोळ्यांचे आवाज येतात. कोण श्वास सोडायच्या आधी चाप ओढतंय, कोण घाई करतंय, ते मला भिंतीआडून कळतं. सांगायला मी आत जाऊ शकत नाही.

वकीलबाई म्हणतात अपील करू. मी म्हटलं, जाड पोलादी तिजोरी घेते, आकड्यांचं कुलूप बसवते. त्या म्हणाल्या, घरात कुलूप उघडणारा माणूस आहे तोवर तुमच्या कुठल्याच कुलपाला अपिलात कुणी कुलूप मानणार नाही. तो माणूस तिथं राहत नाही हे दाखवा, मग काही आशा आहे.

म्हणजे तिजोरी नाही बदलायची, बाप हलवायचा. आणि परवाना हवा होता कशासाठी, तर बापाला हलवावं लागू नये म्हणून. मी हे वकीलबाईंना बोलून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि कागद पुढे केला.

दिवसाच्या बाईला महिनाअखेरीची नोटीस दिली आहे. ती रडली. बाबांनी तिला विचारलं, "किल्ली हरवली का?"

मला काही सुचत नाही, ताई. इतकी वर्षं मी लोकांना हात स्थिर ठेवायला शिकवलं. आता त्याच हातानं दारातल्या वहीत नावं लिहिते.

ठिणगी


५ एप्रिल

ताई,

तुझ्या मनासारखं झालं. हे टोचून लिहायचं नव्हतं, पण खोडत नाही.

बाबांना काल नेलं. 'कामावर जायचंय' म्हटल्यावर त्यांनी स्वतःहून बूट घातले. जुनी हत्यारांची पिशवी काखेला मारली, आत काही नाही, मी केव्हाच काढून ठेवलंय सगळं. गाडीत माझा हात धरून होते. एका सिग्नलपाशी अगदी स्वच्छ नजरेनं माझ्याकडे बघून म्हणाले, "ठिणगे, जेवलीस का?" आणि मी जवळजवळ गाडी वळवली. वळवली नाही. अपील लागेपर्यंतच, असं स्वतःला सांगत राहिले. तेवढेच महिने, मग परत.

जागा वाईट नाही. स्वच्छ आहे, फिनेलचा वास, भिंतीला धरून चालायला दांडे, खिडकीशी खुर्च्या. मुख्य परिचारिका समजूतदार आहे. पण संध्याकाळपर्यंतच बाबांनी चादरींचं कपाट, कार्यालयाचा खण आणि औषधांची कपाटं उघडून ठेवली. घेतलं काहीच नाही, नुसती उघडली आणि पुढे गेले. आधी सगळे हसले. औषधांचं कळल्यावर हसू गेलं. आज सकाळी त्यांना मागच्या इमारतीत हलवलं. तिथली दारं कार्डानं उघडतात. कुठंच किल्ली लागत नाही.

मी गेले तेव्हा बाबा त्या दारापाशी उभे होते. सपाट, करडं दार. त्यांनी तळवा वरपासून खालपर्यंत फिरवला, मग कडेनं, मग बिजागरीपाशी. नुकत्याच आंधळ्या झालेल्या माणसाला पहिल्या दिवशी चाचपडताना बघावं, तसं मला ते बघवेना. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "याला भोकच नाही. म्हणजे आत ठेवण्यासारखं काही नसणार."

आत ते स्वतः उभे होते. मीही.

मी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि निघाले. घरी आल्यावर सगळ्या दारांच्या मुठी फिरवून पाहिल्या. का ते मलाही सांगता येणार नाही.

ठिणगी


३० मे

ताई,

अपील फेटाळलं.

वडील घरात राहतात की नाही याचा प्रश्नच येत नाही, असं लिहिलंय. त्यांच्या हाती काडतुसं मी स्वतः दिली, हे मुख्य. कुलूप उघडलं गेलं हा अपघात मानता आला असता, मॅगझिनं भरायला देणं ही माझी समज. आणि समज तिजोरीसारखी बदलून आणता येत नाही. शेवटचं वाक्य माझं आहे, त्यांचं नाही, पण अर्थ तोच. वकीलबाई दिलगीर झाल्या. म्हणजे बाबांना हलवलं ते उगीचच. तेल गेलं, तूपही गेलं. धुपाटणं कुठं असतं ते शोधते आहे.

मी आता एका पार्सल कचेरीत काट्यावर बसते. खोकी तोलायची, चिकटपट्टी मारायची. नोकरीचं दुःख सांगायला लिहीत नाही.

निकाल आला त्या दिवशी मी रडले, आणि मग एकदम डोक्यात आलं की आता घरात पिस्तूल नाही. काडतूस नाही. आता काय उघडणार ते? डाळीचे डबे? उघडू देत. मी तिजोरी भंगारात दिली, कपाटांची कुलपं काढून टाकली. दिवसभर कोण बघेल हा प्रश्न होता. तो कुणी सोडवला असेल? शिंपीणकाकूंनी. जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "दिवसा माझ्याकडं बसू देत गं. नुसतं शिवणयंत्र बघत बसतील. आता पिशवीत काही नाही ना, तेवढं सांग." मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी राहिले. कित्येक महिन्यांत त्या रात्री मला झोप लागली.

काल सकाळी मी बाबांना आणायला गेले. टॅक्सी दारात थांबवून ठेवली. कार्यालयातल्या सह्या झाल्या, परिचारिकेनं मला मागच्या इमारतीत आत सोडलं आणि बाहेर पडायला कार्ड दिलं. बाबा त्या दारापाशीच होते. तिथंच असतात म्हणे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. वाळले आहेत. मी कार्ड लावलं, दार उघडलं. बाहेर ऊन होतं. मी म्हणाले, "चला बाबा, घरी."

त्यांनी उघडलेल्या दाराकडे बघितलं. चेहऱ्यावर समाधान आलं. मग ते दोन पावलं मागे सरले आणि दाराकडे पाठ करून उभे राहिले.

तुला आठवत असेल, ताई. आपण सुटीत त्यांच्याबरोबर कामावर जायचो. कुणाची किल्ली हरवलेली, कुणी आत विसरलेली. दार उघडलं की ते असेच मागे सरायचे, पाठ करायचे आणि मालक आत जाईपर्यंत वळायचे नाहीत. उंबरा कधी ओलांडला नाही त्यांनी, पाणी विचारलं तरी नाही. आपण आत डोकावलो तर कान पिळायचे. आपलं काम दारापर्यंत, म्हणायचे.

मी त्यांचा कोपर धरला. ते हलले नाहीत. जरा ओढलं तर त्यांनी भिंतीचा दांडा दोन्ही हातांनी पकडला आणि असा काही आवाज काढला की मी सोडून दिलं. परिचारिका धावत आली. म्हणाली, कुणीही दार उघडलं तरी असंच करतात, पाठ करून उभे राहतात, आग लागल्याच्या सरावाला सगळे बाहेर गेले तरी हे आतच. त्यांना इथं कुणी कोंडलेलं नाही, बाई, ते स्वतःच जात नाहीत. डॉक्टर म्हणाले आहेत आता जबरदस्तीनं हलवू नका.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "बाबा, मी ठिणगी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार आदबीनं बघितलं, जसं नव्या गिऱ्हाइकाकडे बघायचे. मग मानेनं आपल्या पाठीमागच्या उघड्या दाराकडे खूण केली.

"झालं काम, बाई," ते म्हणाले. "जा तुम्ही आत. घर तुमचंच आहे."

दार फार वेळ उघडं ठेवता येत नाही, घंटा वाजायला लागते. ती वाजायला लागली. बाबा पाठ करून उभेच होते, मालकीण आत जाण्याची वाट बघत. मी गेल्याशिवाय ते खुर्चीत बसणार नव्हते.

मी एकटीच बाहेर आले.

तुझी,
धाकटी